लॅपटॉप तापतो तेव्हा : प्रस्तावना

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईत 'अग्नी नक्षत्रम' लागतं आणि जवळजवळ महिनाअखेरीपर्यंत टिकतं. बोलीभाषेत त्याला कत्तिरी म्हणतात. या दिवसांत एग्मोरमधल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पंखा फिरत असतो, पण तो ३६-३७ अंशांची हवाच फिरवत असतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या लॅपटॉपांची संख्याही याच दिवसांत वाढते. तंजावरकडची पिढीजात मराठी कुटुंबं, साहुकारपेठेत गलाईचा धंदा करणाऱ्या विटा-आटपाडीकडच्या घरांतली कॉलेजात शिकणारी मुलं, नोकरीनिमित्त इथे आलेली पुण्या-नागपूरची माणसं असे सगळे येतात आणि तक्रार बहुधा एकच असते : मशीन खूप तापतंय, पंखा थांबत नाही आणि सगळं हळू झालंय. लिनक्स वापरणाऱ्यांच्या तक्रारीत आणखी एक वाक्य हमखास असतं. विंडोजवर असं होत नव्हतं.

हे पुस्तक त्या तक्रारीतून तयार झालं. त्यात पंखा साफ करण्यापासून कर्नलच्या सेटिंगपर्यंत बरंच काही आहे, पण माझं मुख्य सांगणं छोटं आहे. लॅपटॉप आपोआप मंदावतो तेव्हा कुणीतरी, कुठल्यातरी आकड्याकडे बघून, त्याला मंद केलेलं असतं. तो आकडा तापमानाचाच असतो असं नाही. आणि तो कोणता होता हे लिनक्स कुठलंही विकतचं साधन न घेता दाखवतं. ते वाचल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये आणि कुणाला पैसेही देऊ नयेत.

आधी मंदावण्याबद्दल. याला थ्रॉटलिंग म्हणतात आणि लोकांना तो प्रोसेसरचा दोष वाटतो. २००१ सालच्या सप्टेंबरमध्ये 'टॉम्स हार्डवेअर'ने केलेली एक चाचणी त्या काळच्या संगणकवेड्या मंडळींना अजून आठवत असेल. संगणक चालू असताना प्रोसेसरवरचं हीटसिंक उचलून काढायचं आणि काय होतं ते बघायचं. एएमडीच्या त्या वेळच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला आणि तो कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र मंदावला आणि चालत राहिला, कारण त्याच्या पोटात तापमान बघणारी आणि घड्याळ रोखणारी यंत्रणा होती. आज एएमडी असो वा इंटेल, प्रत्येक प्रोसेसरमध्ये ही यंत्रणा असते. तुमचा लॅपटॉप मे महिन्यात रडतखडत का होईना चालतो आहे, तो तिच्यामुळे. म्हणून 'थ्रॉटलिंग बंद कसं करायचं' हा प्रश्न मी या पुस्तकात उपाय म्हणून कुठेही घेतलेला नाही. थ्रॉटलिंगची वेळ का येते, हा प्रश्न घेतला आहे.

उष्णता येते कुठून, हे एका सूत्रात मावतं आणि ते सूत्र पुढे वारंवार लागणार आहे. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती सगळी शेवटी उष्णता होते. कामातला हा वीजखर्च घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर्ग हा शब्द महत्त्वाचा. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवता आलं, तर हा खर्च १९ टक्क्यांनी उतरतो. उलट टर्बोमध्ये शेवटचे तीन-चारशे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज चढवावं लागतं आणि तेवढ्याशा वेगासाठी उष्णता भरमसाट वाढते. यात भर म्हणजे गळती. ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडी वीज झिरपते आणि चिप जितकी गरम तितकी ती जास्त झिरपते. गरम चिप त्यामुळे आणखी गरम होते.

रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं, तर त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवता येईल आणि चिपच्या तेवढ्याच जागेतली उष्णता वाढणार नाही. तीसेक वर्षं उद्योग त्याच भरवशावर चालला. २००५च्या आसपास गळतीमुळे व्होल्टेज आणखी उतरेना आणि हिशेब मोडला. तेव्हापासून प्रोसेसर बनवणारे एका चिपमध्ये जास्त कोअर भरतात, पण सगळे कोअर एकाच वेळी पूर्ण वेगाने सतत चालवायला लागणारी थंडाई दीड सेंटिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये बसत नाही. डब्यावर छापलेला सर्वोच्च वेग हा काही सेकंदांचा वेग असतो. हे खरेदी करताना कुणी सांगत नाही. ग्राहकाला ते कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण 'मशीन बिघडलं' म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांचं मशीन ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं.

आता खोलीकडे येऊ. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त चिप आणि हवा यांच्यातला फरक आटोक्यात ठेवतात. समजा पूर्ण कामावर एका लॅपटॉपची चिप हवेपेक्षा ६० अंशांनी वर जाते. पुण्यात जानेवारीत खोली २४ अंशांवर असेल, तर चिप ८४ वर थांबेल. तेच मशीन, तेच काम, एग्मोरमधली मे महिन्यातली ३६ अंशांची खोली : चिप ९६. आता दोन वर्षांच्या धुळीने तो फरक ७० झाला असं धरा. जानेवारीत ९४ दिसेल आणि कुणाला काही कळणार नाही. मे महिन्यात १०६ व्हायला हवं, पण अनेक इंटेल प्रोसेसरांची हद्द १०० वर असते, म्हणून मशीन तिथपर्यंत जाऊन वेग टाकतं. धूळ दोन वर्षांची असते आणि दोष जातो कालच्या अपडेटला. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत ३१ मे २००३ रोजी पारा ४५ वर गेला होता. अशा दिवशी सावलीत ठेवलेल्या लॅपटॉपचीही अर्धी मोकळीक आधीच संपलेली असते.

त्या वेधशाळेचं मूळ एग्मोरमधलं आहे, हे इथल्याही फार कमी लोकांना ठाऊक असतं. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम पेट्री यांनी १७८६ साली एग्मोरमधल्या आपल्या घरी खासगी वेधशाळा उभारली. पुढे ती कंपनीच्या मालकीची होऊन १७९२ मध्ये नुंगंबाक्कमला स्थिरावली आणि १७९६ पासून जॉन गोल्डिंगहॅम यांनी तिथे हवामानाची रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली. मद्रासचा उन्हाळा किती कडक, हे लोक पूर्वीही सांगतच असत. नोंद सुरू झाल्यावर एका वर्षाच्या मे महिन्याची दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्याशी तुलना करता येऊ लागली. लॅपटॉपच्या बाबतीत मी प्रत्येकाला तेवढंच करायला सांगतो. मशीन नवं किंवा नुकतं साफ केलेलं असताना एक ठरावीक काम दहा मिनिटं चालवायचं, शेवटी चिपचं तापमान, वॅट आणि वेग लिहून ठेवायचा, आणि शेजारी खोलीचं तापमान. सहा महिन्यांनी पुन्हा. चिपच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करायला विसरायचं नाही. ही वजाबाकी वाढत गेली तर थंडाई बिघडते आहे. ती तशीच राहिली आणि तरी मशीन तापतंय, तर उन्हाळा आला आहे.

लिनक्सवर हे मोजणं सोपं आहे. 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज घातलं की तापमान आणि बहुतेक मशीनांवर पंख्याचे फेरेही दिसतात. इंटेलच्या मशीनवर कर्नल प्रत्येक कोअरमागे एक मोजदाद ठेवतो : मशीन चालू केल्यापासून तापमानामुळे या कोअरला कितीदा लगाम लागला. हा आकडा शून्य असेल, तर प्रोसेसर हद्दीपर्यंत तापल्यामुळे मशीन मंदावलं हा दावा तिथेच निकालात निघतो. एएमडीवर ही मोजदाद मिळत नाही, तिथे तापमान आणि वेग एकत्र बघून अंदाज बांधावा लागतो. पण सगळ्यांत जास्त भर मी 'टर्बोस्टॅट'वर दिला आहे. कर्नलच्याच सोबत येणारं हे साधन दर काही सेकंदांनी एक ओळ छापतं, आणि त्या ओळीतले चार रकाने आपल्याला पुरतात : कोअर किती टक्के गुंतले आहेत, गुंतलेले असताना किती वेगाने चालले, चिपचं तापमान किती, आणि चिपने किती वॅट खाल्ले.

हे चार आकडे एकत्र वाचायचे असतात. तापमान हद्दीला टेकलेलं आहे आणि वॅट उतरत चालले आहेत, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही. धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा अडलेला पंखा बघा. तापमान ७५ आहे, पण वॅट बरोबर १५ वर येऊन चिकटले आहेत आणि तिथून हलत नाहीत, म्हणजे लगाम उष्णतेचा नाही, वीजमर्यादेचा आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत २०११च्या पिढीपासून चालू वीजखर्चाची सरासरी काढून तो ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याची सोय आहे. थोड्या वेळासाठी मोठी मर्यादा आणि नंतर कायमची छोटी, अशा दोन पायऱ्या असतात, आणि त्या किती ठेवायच्या ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. अशा मशीनला पेस्ट बदलून एक मेगाहर्ट्झही जास्त मिळणार नाही. आणि तुम्ही काहीच करत नसताना कोअर ८०-९० टक्के गुंतलेले दिसत असतील, तर हार्डवेअरचा विचारच सोडा. कुठलातरी प्रोग्राम चालला आहे, त्याला शोधा.

चौथी तऱ्हा सगळ्यांत चकवणारी. साहुकारपेठेतला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. "काका, दुकानात सांगितलं प्रोसेसर तापून गेला, मदरबोर्डच बदलावा लागेल." मशीन खरंच कासावीस करणारं हळू होतं. माउस हलवला की बाण उशिरा सरकायचा. टर्बोस्टॅट लावला. कोअर पूर्ण गुंतलेले, वेग ४०० मेगाहर्ट्झ, वॅट तीन-साडेतीन आणि तापमान ४८. तापून गेलेली चिप ४८ वर नसते. त्याला विचारलं, "चार्जर मूळचाच आहे का रे?" तो म्हणाला, "नाही, जुना तुटला, मग हा घेतला." चार्जर काढून मशीन बॅटरीवर पुन्हा सुरू केलं आणि वेग तीन गिगाहर्ट्झच्या वर गेला. झालं होतं ते असं : अनेक लॅपटॉप चार्जरला त्याची ओळख विचारतात. उत्तर आलं नाही, तर हा चार्जर किती वॅट देऊ शकेल याची खात्री नसल्यामुळे बोर्डावरची यंत्रणा प्रोसेसरला जखडून ठेवते. यासाठी ती जी तार वापरते ती मुळात 'मी फार तापलोय' हे सांगायला प्रोसेसरने बाहेर काढलेली. पण ती दोन्ही दिशांनी चालते. बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग तापला, बॅटरी थकली किंवा चार्जर अनोळखी निघाला, तरी तीच तार ओढली जाते आणि प्रोसेसर थंडगार असूनही रांगायला लागतो. योग्य चार्जर आला आणि काम संपलं. मदरबोर्डाचे पैसे वाचले.

ही तार प्रोसेसरने ऐकूच नये, अशी सोय करण्याची युक्ती इंटरनेटवर सहज मिळते. मी ती पुस्तकात दिली आहे, पण निदानापुरती, आणि तिच्याआधी एक पान इशाऱ्याचं आहे. ती तार खरोखर तापलेल्या वीजपुरवठ्याने ओढलेली असेल, तर कान बंद करून मशीन चालवणं म्हणजे बोर्ड जाळणं.

विंडोजवर असं होत नव्हतं, या वाक्यात कधीकधी पूर्ण तथ्य असतं. २०१८ साली लेनोवोच्या थिंकपॅड टी४८०एस आणि एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीवर लिनक्स चालवणाऱ्या जगभरच्या लोकांच्या लक्षात आलं की प्रोसेसर ८० अंशांवरच पाय मागे घेतो. तेच मशीन विंडोजवर ९७ पर्यंत जात होतं. बायॉसने घालून दिलेली हद्द सावध होती आणि विंडोजमध्ये इंटेलचा एक ड्रायव्हर काम सुरू झाल्यावर ती वर सरकवत असे. लिनक्सवर ती सरकवणारं कुणी नव्हतं. लोकांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवून हे सिद्ध केलं. 'थ्रॉटल्ड' नावाची एक छोटी पायथन स्क्रिप्ट तयार झाली. ती दर काही सेकंदांनी मर्यादा पुन्हा लिहीत राही, कारण बोर्डावरचा एम्बेडेड कंट्रोलर ती पुन्हा खाली आणत असे. पुढे कंपनीने बायॉसमध्येच दुरुस्ती दिली. या प्रकरणावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. दुरुस्ती हवी असेल तर 'मशीन हळू चालतं' एवढ्यावर कंपनी हलत नाही. 'या कामावर, इतक्या वॅटला, ८० अंशांवर लगाम लागतो' असं लिहून दिलं तर हलते.

थिंकपॅडांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. मशीन मांडीवर आहे की टेबलावर, हे काही मॉडेलं हालचालीवरून ओळखतात आणि मांडीवर असल्यास माणसाची कातडी भाजू नये म्हणून वीजमर्यादा खाली आणतात. कर्नल हे एका छोट्या फाइलमधून दाखवतो. गादीवर बसून व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका बाईंना मी ती फाइल दाखवली आणि मशीन टेबलावर ठेवायला सांगितलं. दुसरं काही करावं लागलं नाही.

आता खोलण्याबद्दल. एग्मोरच्या दक्षिणेला कूवम नदी ओलांडली की चिंताद्रिपेट, आणि तिथून माउंट रोडकडे जाताना रिची स्ट्रीट. दक्षिणेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या बाजारांपैकी हा एक. थर्मल पेस्ट, पंखे, जुन्या मॉडेलांची हीटसिंकं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नेमके स्क्रू-ड्रायव्हर, सगळं इथे मिळतं. तिथल्या कारागिरांकडून मी खूप शिकलो. हीटसिंकवर स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. घट्ट करताना तोच क्रम पाळायचा आणि तोही थोडाथोडा, एकेक स्क्रू एकदम पूर्ण आवळायचा नाही, नाहीतर चिपच्या एका कोपऱ्यावर ताण येतो आणि दुसऱ्या कोपऱ्यावर फट राहते. हे मला तिथल्या एका अण्णांनी बोलून नव्हे, माझा हात धरून शिकवलं.

झाकण उघडल्यावर बहुतेकांची नजर पंख्याच्या पात्यांवर जाते, आणि ती पुसून लोक समाधान मानतात. खरा अडथळा पंख्याच्या पुढे असतो, जिथे तो हवा तांब्याच्या पातळ पत्र्यांच्या जाळीत फेकतो. पंखा सोडवून बाजूला केला की दिसतं : जाळीच्या तोंडावर कापसाचे तंतू, केस आणि धूळ दाबून बसून नमद्यासारखा जाड थर झालेला असतो. चेन्नईत त्यात रस्त्याची धूळ, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ आणि घरोघरी संध्याकाळी फिरणारा सांबराणीचा धूर मिसळलेला असतो, आणि समुद्राच्या दमट हवेमुळे ते सगळं चिकट होतं. बाहेरून फुंकर मारून असा थर सुटत नाही, उलट आत सरकतो. चिमट्याने एका टोकाला धरला तर पुष्कळदा अख्खी पट्टीच हातात येते. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, कारण ती भरधाव फिरली तर बेअरिंग बिघडतं. आणि हे सगळं बॅटरीची जोडणी सोडवल्यावर.

पेस्ट बदलण्याचं मात्र अवडंबर झालं आहे. चिप आणि तांब्याच्या पट्टीतल्या सूक्ष्म फटी भरणं एवढंच तिचं काम. तापून-निवून ती हळूहळू कडेला सरकते किंवा वाळते, तेव्हा बदलायची. दर वर्षी बदलायची गरज नाही. पेस्ट बदलून फरक न पडलेली मशीनं मी पुष्कळ पाहिली, आणि त्यांतली बरीच अशी होती की जाळीतला थर तसाच ठेवून पेस्ट बदलली होती.

सॉफ्टवेअरचा ताप निराळा. फाइलींची सूची करणारा प्रोग्राम लिनक्स नवं घातल्यावर पहिल्या दिवशी तासभर डिस्क आणि प्रोसेसर दोन्ही राबवतो. तो संपू द्यायचा. ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघताना तो उलगडण्याचं काम ग्राफिक्सच्या खास भागाकडे न जाता प्रोसेसरवर पडतं आहे का, हे तपासायला हवं, कारण लिनक्सवर ते अजूनही काही मशीनांवर आपणहून होत नाही. एक तासाचं ऑनलाइन व्याख्यान ऐकताना पंखा ओरडत असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा. पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवांची यादी पुस्तकात आहे. ती इथे देत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी आग्रही आहे. मशीन तापलं की लोक एकामागून एक साधनं चढवतात : थर्मल-डी, टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक, शिवाय डेस्कटॉपचं स्वतःचं पॉवर प्रोफाइल आहेच. यांतली काही एकाच नळाच्या चाव्या फिरवतात. एक वेग उतरवतं, दुसरं चढवतं, आणि तुम्ही काय बदललं म्हणून काय झालं हे कधीच कळत नाही. वेग आणि वीज ठरवणारं एकच साधन ठेवा. बाकीची काढा, आणि मगच मोजा. नव्या मशीनवर बहुधा कर्नल आणि डेस्कटॉपचं प्रोफाइल एवढंच पुरेसं असतं. उन्हाळ्यापुरता टर्बो बंद ठेवणं हा उपाय लोकांना कमीपणाचा वाटतो. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. इंटेलच्या मशीनवर एका फाइलमध्ये १ लिहिला की टर्बो बंद होतो, शेवटचे महागडे मेगाहर्ट्झ जातात, तापमान भराभर उतरतं, आणि लिहिणं, वाचणं, कोड लिहिणं यांत फरक जाणवतही नाही.

व्होल्टेज थोडं उतरवणं हा एकेकाळी सगळ्यांत गोड उपाय होता. वेग तोच, उष्णता कमी. डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' हा हल्ला जाहीर झाला. व्होल्टेज नेमक्या क्षणी उतरवून प्रोसेसरकडून चुकीचा हिशेब करून घेता येतो आणि त्यातून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात, हे संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर मायक्रोकोड आणि बायॉसच्या अपडेटनी बहुतेक लॅपटॉपांवर ही वाट बंद केली. ती उघडी ठेवण्यासाठी जुनं बायॉस धरून बसू नका, असं मी स्पष्ट लिहिलं आहे. चार-पाच अंशांसाठी सुरक्षेची दुरुस्ती नाकारणं परवडत नाही.

या शहराशी लिनक्सचं नातं जुनं आहे, आणि पुस्तकाचा एक हेतू त्यातूनच आला. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली २००७ मध्ये लोकांपुढे आणली. १५ सप्टेंबर २०११ पासून तमिळनाडू सरकारने शाळा-कॉलेजांतल्या मुलांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या लॅपटॉपांत विंडोजच्या जोडीला बॉसही होतं. कित्येक घरांत तो पहिला संगणक होता. त्यातले अनेक अजून चालू आहेत. मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे, तिथून शेजारच्या मुलाकडे असे फिरत आलेले. त्यांचे पंखे थकलेत, पेस्ट वाळली आहे, पण चिप शाबूत आहे. असं मशीन 'जुनं झालं' म्हणून भंगारात जातं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्यात बहुधा एका संध्याकाळचं काम असतं. ते काम एखाद्या मुलीला स्वतः करता यावं, तेही मराठीत वाचून, यासाठी मी शक्य तिथे चित्रं आणि कोरे तक्ते दिले आहेत.

आज्ञा डेबियन आणि उबुंटू समोर ठेवून लिहिल्या आहेत. फेडोरावर पॅकेजाचं नाव वेगळं असेल तिथे ते दिलं आहे. पहिली तीन प्रकरणं मोजण्याची आहेत, ती वगळून पुढे जाऊ नये. बाकीची हवी तशी वाचावीत. १९५४च्या कायद्याप्रमाणे भारतात प्रकाशित झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांपैकी कॉनेमारा ग्रंथालय इथेच एग्मोरच्या पॅन्थिऑन रोडवर आहे. विकत घेणं जमत नसेल त्या चेन्नईकरांनी तिथे जाऊन हे पुस्तक मागावं.

पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी एक तपासणी करा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि बाजूने बघा. टचपॅड वर उचलला गेला आहे का, खालचं झाकण फुगलं आहे का, झाकण मिटल्यावर कोपऱ्यात फट राहते का. सतत गरम राहणारी आणि कायम चार्जरला लावलेली लिथियम बॅटरी फुगू शकते. ती फुगली असेल, तर यातली एकही चाचणी लावू नका, मशीनवर भार टाकू नका, चार्जर लावू नका आणि बॅटरी दाबून जागेवर बसवायचा प्रयत्न करू नका. ती आधी जाणत्या माणसाकडून काढून घ्या, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या आणि नवी बसवा. नवी आल्यावर लिनक्सवर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय तुमच्या मॉडेलला आहे का ते शेवटच्या तक्त्यात बघा, आणि असेल तर ती त्याच दिवशी चालू करा.